काचेआडचं म्हातारपण

शिकागोच्या शेड ॲक्वेरियममध्ये ‘ग्रँडडॅड’ नावाचा ऑस्ट्रेलियन लंगफिश १९३३पासून राहत होता. त्या वर्षी शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याला सिडनीहून आणलं होतं आणि आला तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता. पुढच्या आठ दशकांत दहा कोटींहून अधिक लोक त्याच्या काचेसमोरून गेले. चारेक फूट लांबीचा हा मासा बहुतेक वेळ तळाशी ओंडक्यासारखा पडून असे. गांडुळं आणि पालेभाजी आवडीने खाई. पुढे त्याचं खाण्यावरचं मन उडालं, अवयव निकामी होत असल्याची लक्षणं दिसू लागली. २०१७च्या फेब्रुवारीत त्याला वेदनारहित मरण देण्यात आलं. वय नव्वदीच्या पुढे असावं, असा अंदाज होता.

म्हातारा झाला म्हणून त्याला कुणी मारलं नाही. आणि जगप्रसिद्ध आहे म्हणून त्याचे हाल लांबवलेही नाहीत. त्याच्या खाण्याकडे आणि अवयवांच्या स्थितीकडे पाहून निर्णय झाला. घरातल्या दोन फुटी टँकमधल्या माशालाही हाच न्याय मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

घरच्या माशांपैकी बहुतेकांच्या वाट्याला म्हातारपण येतच नाही. गप्पीचं आयुष्य दोनेक वर्षांचं, फायटरचं तीन-चार, ऑस्करचं दहा-बारा. गोल्डफिश चांगल्या पाण्यात पंधरा-वीस वर्षं सहज काढतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला ‘टिश’ हा गोल्डफिश १९९९पर्यंत जगला, म्हणजे ४३ वर्षं! त्याच जातीचा मासा काचेच्या वाडग्यात सहा महिन्यांत मेला, की ‘त्यांचं आयुष्यच तेवढं’ असं म्हणून दुसरा आणला जातो. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. वाडग्यात फिल्टरच नसतो. तो मासा स्वतःच्याच विष्ठेच्या आणि उत्सर्गाच्या विषाने मेलेला असतो.

जो म्हातारपणापर्यंत पोचतो, त्याच्याकडे जरा निरखून पाहावं लागतं, कारण बदल हळूहळू येतो. रंग फिका पडतो, पाठ किंचित वाकते, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरते, पर विरतात. दाणे समोरून वाहत गेले तरी त्याला वेळेवर दिसत नाहीत आणि तरुण मासे ते पळवतात. अशा वेळी करण्यासारखं बरंच असतं. फिल्टरचा झोत मंद करावा, पाण्याची उंची कमी करावी, दमदाटी करणारा सोबती वेगळा काढावा. खाणं मऊ, थोडं आणि दिवसातून जास्त वेळा द्यावं. पाणी एकदम सगळं न बदलता थोडं थोडं, पण नेमाने बदलावं.

होतं काय, की वाकलेली पाठ दिसताच दुकानातून निळं-पिवळं औषध येतं आणि अंदाजाने टँकमध्ये ओतलं जातं. म्हातारपणावर त्याचा उपयोग नाही; उलट काही औषधं फिल्टरमधल्या जीवाणूंनाच मारतात. मात्र पाठ वाकणं आणि खंगणं ही माशांच्या क्षयाचीही लक्षणं असू शकतात. त्यातला ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा जीवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून त्वचेवर गाठी आणतो. म्हणून आधी पाणी तपासावं, मग जाणकार पशुवैद्याला विचारावं. टँकमध्ये हात घालताना हातमोजे घालावेत.

अरोवानाच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. तो घरावरचं संकट स्वतःवर घेऊन मरतो, असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. या समजुतीमागे माशाबद्दल कृतज्ञता असेल, पण तिच्यामुळे मरणाचं कारण शोधलंच जात नाही. तीन फुटी टँकमध्ये धड वळताही न येणारा मासा गेला, तर चौकशी पाण्याची आणि जागेची व्हायला हवी.

माशाला दुखतं का, यावर शास्त्रज्ञांमधला वाद अजून मिटलेला नाही. तरी लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग विसरता येत नाहीत. ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचल्यावर त्यांचे कल्ले जोरात चालू लागले, त्यांनी बराच वेळ खाणं टाळलं. आम्ल टोचलेले मासे तर ओठ वाळूवर घासत राहिले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. एवढा पुरावा समोर असताना संशयाचा फायदा माशालाच द्यायला हवा.

तरीही वाढलेला, नकोसा झालेला मासा तलावात सोडून ‘मोकळा केला’ असं समाधान मानणारे भेटतात. टँकमध्ये आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या माशाला तिथे भक्ष्य शोधता येत नाही. आणि जो तगतो, तो इतरांच्या मुळावर येतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत ठाण मांडून आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिलमध्ये २०२१ साली तळ्यातून भलेमोठे गोल्डफिश निघाले, तेव्हा तिथल्या नगर प्रशासनाला नागरिकांना जाहीर विनंती करावी लागली, की पाळीव मासे तळ्यात सोडू नका.

शेवट जवळ आला, की मालकाने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. तो खातो का? तोल सावरून पोहतो का? माणूस जवळ आल्यावर दखल घेतो का? पाणी निर्दोष असून, उपचार करूनही तिन्हींचं उत्तर अनेक दिवस ‘नाही’ येत असेल, तर त्याला तसंच तरंगत ठेवणं ही माया नव्हे. संडासात सोडून पाणी ओढणं किंवा फ्रीजरमध्ये हळूहळू गोठवणं हे तर उघड क्रौर्य आहे. पशुवैद्य योग्य मात्रेत भुलीचं औषध पाण्यात देतात; लवंगतेलातलं युजेनॉल त्यासाठी वापरता येतं. कल्ले थांबले म्हणजे प्राण गेला, असं लगेच धरायचं नसतं, म्हणून हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. मासा त्यात आला, आणि त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्यावर आली. या दिवाळीत कुणी मुलांसाठी टँक घेणार असेल, तर दुकानदाराला किमतीच्या आधी दोन गोष्टी विचारा: हा मासा केवढा होतो आणि किती वर्षं जगतो. तेवढी वर्षं आणि तेवढी जागा देणं जमणार नसेल, तर तो मासा घेऊ नका.