सातवा नंबर



आम्ही दम्मामला राहतो, म्हणून आमच्या चिरंजीवांचा फुटबॉल संघ इत्तिफाक. 2022-23 मध्ये इत्तिफाक सौदी लीगमध्ये सातवा आला, तेव्हा आमच्या घरी आनंदीआनंद होता. शेजारच्या खोबरचा कादसिया तर खालच्या गटात खेळत होता!

जून 2023 मध्ये चित्र पालटले. हिलाल, नस्र, इत्तिहाद आणि अहली या चार बड्या संघांची 75 टक्के मालकी सरकारी गुंतवणूक निधीकडे गेली, आणि कादसिया अरामकोकडे. (आपल्या वर्गातल्या काही बाबांचे मालकही तेच!) 2024 मध्ये कादसिया वर चढला आणि पहिल्याच हंगामात 68 गुण मिळवून चौथा आला. अहलीसुद्धा त्याच्या मागे राहिला.

इत्तिफाकनेही हातपाय मारले. जेरार्ड प्रशिक्षक झाला, हेंडरसन आला आणि सहा महिन्यांत गेलाही. नंबर आला सहावा, मग 2024-25 मध्ये पुन्हा सातवा.

सातवा तोच, पण या वेळी घरात सुतक. चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, आपण कादसियाचे होऊया का?"

मी पडलो इंजिनिअर. कागद घेऊन बसलो. एकूण संघ 18. पहिल्या पाचही जागा त्या पाच श्रीमंत मालकांच्या संघांना. उरले 13. त्यांत आपण दुसरे!

त्याने कागद नीट पाहिला. "मग पहिल्या पाचात आपण कधी येणार?"

मी चहा टाकायला उठलो.