रहस्यकथेला साजेसे गाव : व्हाइटफील्ड

शेरलॉक होम्सला त्याच्या जनकानेच मारले होते. सर आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ च्या डिसेंबरात त्याला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिले आणि सुटकेचा श्वास सोडला. वाचक मात्र ऐकेनात. अखेर १९०३ मध्ये डॉइलना त्याला जिवंत करावे लागले. १९३० साली खुद्द डॉइल गेले, तरी होम्स आजही नवनव्या गुन्ह्यांचा छडा लावतोच आहे. डॉइल यांनी त्याच्यावर ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या. इतरांनी लिहिलेल्या होम्सकथा मोजायच्या तर आयुष्य पुरणार नाही!

२०११ साली अँथनी होरोविट्झ यांची 'द हाउस ऑफ सिल्क' ही कादंबरी डॉइल यांच्या वारसांच्या संमतीने निघाली. तिचा काळ १८९० चा, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा. अशा नव्या कथांना जुना काळ लागतो. घोडागाडी, कंदिलाचा मंद उजेड, उतरत्या छपराचे घर आणि कोणाला न सांगितलेले एखादे गुपित लागते. हे सारे पाहायला लंडनला जायची गरज नाही. बंगळूरुच्या पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवर त्याच काळात वसलेले एक गाव आहे – व्हाइटफील्ड.

बंगळूरुचा खलनायक

होम्स आणि हिंदुस्थान यांचे नाते पहिल्या कादंबरीपासूनच जुळलेले आहे. डॉ. वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून आधी मुंबई बंदरात उतरतो, अफगाण युद्धात मैवंदच्या लढाईत जखमी होतो आणि मग लंडनला परततो. 'द साइन ऑफ फोर'मध्ये आग्र्याचा खजिना आणि अंदमानची काळी छाया आहे. पण बंगळूरुकरांच्या वाट्याला आला आहे तो थेट खलनायक. होम्स परत येतो त्या 'द एम्प्टी हाउस' या कथेत त्याच्या जिवावर उठलेला कर्नल सेबॅस्टियन मोरान हा 'फर्स्ट बंगलोर पायोनियर्स' या पलटणीचा माजी अधिकारी. वाघांच्या शिकारीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हाच शिकारी पुढे लंडनमध्ये आवाज न करणाऱ्या हवेच्या बंदुकीने माणसे टिपू लागतो.

या नावाची पलटण खऱ्या सैन्यात नव्हती. डॉइल यांनी ती कल्पनेतून उभी केली. बंगळूरुची छावणी मात्र पूर्ण खरी होती.

हरवलेली तीन वर्षे

होम्स धबधब्यात पडला १८९१ साली आणि परतला १८९४ साली. मधल्या काळात तो तिबेटमध्ये हिंडत होता, ल्हासाला गेला होता, असे डॉइल सांगतात. पुढच्या लेखकांना ही फट पुरेशी होती. तिबेटी लेखक जाम्यांग नोर्बू यांनी १९९९ मध्ये 'द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स' लिहिली. तिच्यात होम्स जहाजाने मुंबईला येतो आणि तेथून तिबेटची वाट धरतो. बंगळूरुचे लेखक वासुदेव मूर्ती यांनी २०१३ साली 'शेरलॉक होम्स इन जपान'मध्ये त्याच हरवलेल्या वर्षांत होम्सला जपानपर्यंत नेले, आणि २०१६ मध्ये टिंबक्टूला.

परक्या लेखकाच्या नायकावर अशी कथा लिहिता येते का, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपल्याकडे त्या वेळी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असे. त्यामुळे १९८० च्या अखेरीस होम्स इथे सर्वांचा झाला. अमेरिकेत शेवटच्या कथांवरील हक्क संपायला मात्र २०२३ चा जानेवारी उजाडला. अर्थात, हक्क संपला म्हणून कोणी होम्स लिहू शकतो असे नाही. काळ आणि स्थळ खरे वाटले नाही तर वाचक पाचव्या पानावर पुस्तक मिटतो. भालबा केळकरांच्या मराठीतून होम्स वाचलेल्या पिढीलाही हे ठाऊक आहे.

वर्तुळात वसलेले गाव

१८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी अँग्लो-इंडियन आणि युरेशियन लोकांच्या संस्थेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या लोकांचे पुढारी डी. एस. व्हाइट. त्यांच्यावरूनच गावाला नाव पडले. कल्पना मोठी होती. इंग्रज ज्यांना आपले मानत नव्हते आणि हिंदी समाजही ज्यांना जवळ करत नव्हता, अशा कुटुंबांनी स्वतःच्या जमिनीवर कष्ट करून मानाने राहावे!

गावाची आखणीही आगळी. मध्ये मोकळी हिरवी जागा, तिच्याभोवती गोल रस्ता, आणि रस्त्याच्या कडेने बागांमध्ये विसावलेली घरे. हा भाग आजही 'इनर सर्कल' म्हणून ओळखला जातो. उतरती कौलारू छपरे, ऐसपैस व्हरांडे, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार झडपा, परसात विहीर आणि फळझाडे. १८८६ चे मेमोरियल चर्च याच वस्तीतले. नाताळ आला की या घरांतून कुलकुल आणि रोझ कुकीजचा खमंग वास सुटायचा. रविवारी पिवळा भात आणि बॉल करी.

स्वप्न मात्र पुरते फळले नाही. रेल्वेत, तारखात्यात आणि कचेऱ्यांत नोकरी केलेल्यांना शेतीचा सराव नव्हता. हळूहळू व्हाइटफील्ड हे निवृत्तांचे शांत गाव झाले. १९४७ नंतर अनेक कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला निघून गेली.

चर्चिल आणि रोझ

प्रत्येक जुन्या गावाला एक रहस्य हवे असते. व्हाइटफील्डचे रहस्य म्हणजे विन्स्टन चर्चिल. इनर सर्कलजवळच्या वेव्हर्ली इन या खाणावळवजा मुक्कामाच्या मालकाची, हॅमिल्टनची मुलगी रोझ हिच्यावर तरुण चर्चिलचा जीव जडला होता आणि तो छावणीतून घोडा दामटत तिला भेटायला येई, अशी दंतकथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

होम्सने या प्रकरणाकडे कसे पाहिले असते? त्याने आधी पुरावे मांडले असते. चर्चिल १८९६ ते १८९९ या काळात बंगळूरुच्या छावणीत होता, हे खरे. तेथील क्लबच्या खातेवहीत त्याची १३ रुपयांची बुडीत बाकी आजही दिसते. आपल्या आत्मचरित्रात तो मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना खांदा निखळल्याची हकीकत सांगतो, बंगळूरुचा बंगला आणि पोलोचे सामने यांबद्दल लिहितो, पण रोझ हॅमिल्टनचे नाव घेत नाही. उलट १८९६ च्या नोव्हेंबरात सिकंदराबादला भेटलेल्या पामेला प्लाउडनवर त्याचे मन बसले होते, हे पत्रांतून दिसते. बंगळूरुला त्याचे गुलाबांवर प्रेम होते, याला पुरावा आहे. पण ते गुलाब त्याच्या बागेतले!

तरीही ही दंतकथा टाकाऊ नाही. तिने त्या इमारतीकडे लोकांना पाहायला लावले, आणि जुनी घरे पाहणाऱ्यांच्या नजरेवरच तगतात.

खरे घर आणि खोटे घर

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर होम्सच्या काळी २२१ क्रमांकाचे घरच नव्हते. तरी १९९० साली तेथे संग्रहालय निघाले आणि जगभरचे लोक त्या न झालेल्या माणसाची खोली पाहायला रांग लावतात. व्हाइटफील्डची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे माणसे खरी होती, घरे खरी होती, पण १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान आले आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. एकेक बंगला पडला, त्याच्या बागेत मजल्यांवर मजले चढले. मूळ वस्तीतली मोजकीच घरे आता उरली आहेत, आणि बहुतेक खाजगी आहेत.

होम्सवर नवी कथा लिहिणारा लेखक पुस्तकांतून व्हिक्टोरियन काळ उभा करील. पण व्हरांड्यात दुपारी ऊन कसे सरकते, लाकडी झडपेतून रस्ता कसा दिसतो आणि पाहणारा स्वतः कसा दिसत नाही, हे घरच शिकवते. ते घर पडले की नुसती माहिती उरते.

कसे जाल?

मुंबई-पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूरुला यावे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून मॅजेस्टिकहून जांभळ्या मार्गाच्या मेट्रोने थेट व्हाइटफील्ड गाठता येते. होप फार्म चन्नसंद्र स्थानकावर उतरून रिक्षाने इनर सर्कलला जावे. सकाळची वेळ उत्तम, म्हणजे रहदारी कमी असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते. मुलांना बरोबर न्यावे आणि वाटेत 'द एम्प्टी हाउस' वाचून दाखवावी. बंगले बाहेरूनच पाहावेत, फोटो काढण्याआधी घरातल्यांना विचारावे. एखाद्या आजी-आजोबांनी आपणहून फाटक उघडलेच, तर घाई करू नये. रहस्ये अशाच ठिकाणी कळतात.