गूळ आणि गुला

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकालगतची शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. आज सौदे मार्केट यार्डात होतात. तरी हंगामात गुऱ्हाळे पेटली की जिल्ह्याची हवा तशीच गोड होते. चुलवाणावर रस उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते, आणि काहील केव्हा उतरवायची हे गुळव्याच्या नजरेवर ठरते. मग बांधतात रवा.

बांधणे हेच या शब्दाचे मूळ. संस्कृत ‘गुड’ म्हणजे गोळा. या पदार्थाचे नाव चवीवरून पडले नाही, आकारावरून पडले. व्यापाऱ्यांच्या आणि पंडितांच्या वाटेने असंख्य संस्कृत शब्द पूर्वेकडील बेटांत गेले. त्यांतच हा जाऊन ‘गुला’ झाला. तेथे गुऱ्हाळ उसाचे नव्हे, ताडवर्गी झाडांचे. माडाचा किंवा आरेन वृक्षाचा रस आटवून करवंटीत अथवा बांबूच्या नळीत ओततात. तांबूस वडी तयार होते. तिला ‘गुला जावा’ म्हणतात. जेथे गुला तेथे मुंग्या, ही तिकडची म्हण शाहूपुरीच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे पांढरी साखर आली. इंडोनेशियाने तिच्यासाठी वेगळे नाव घेतले नाही. ‘पासिर’ म्हणजे वाळू, म्हणून ती ‘गुला पासिर’. हळूहळू गुला म्हणजे साखरच झाली आणि मूळच्या गुळाला विशेषण जोडावे लागले. मधुमेहालाही तेथे ‘साकित गुला’ म्हणतात, म्हणजे गुलाचा आजार. गंमत अशी की आपली ‘साखर’ ज्या ‘शर्करा’पासून आली, तिचाही जुना अर्थ वाळूखडे असाच होता. मात्र मराठीने दोन नावे वेगळी राखली. दुकानात गूळ मागणाऱ्याला कोणी साखर तोलून देत नाही.

व्रताच्या भाषेत ही भिंत नाही. दिगंबर परंपरेच्या सहा रसांत आणि श्वेतांबरांच्या विगयींतही गूळ आहे. त्याचा त्याग करणारा साखरही सोडतो. तेथे गुड हा जावातल्या गुलाइतकाच व्यापक आहे.

पेढीवर तसे चालत नाही. गिऱ्हाइकाला पिवळाधमक, टणक गूळ हवा असतो, आणि त्यासाठी काहिलीत साखर पडू लागली आहे. बाहेरचा मालही कोल्हापुरी म्हणून विकला जातो. भौगोलिक मानांकन मिळाले, तरी रव्याच्या पोटात काय आहे हे कापडावरच्या छापावरून कळत नाही. नाव गूळ, आणि आत गुला पासिर!

दिवाळी पाडव्याला नव्या मालाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. जाणता अडत्या तेव्हा रव्याचा कोपरा फोडतो, तुकडा उजेडात धरून त्याचा कण पाहतो, जिभेवर विरघळू देतो. बोली त्यानंतर.