दुसरीच्या वर्गातून, शहापूर

शहापूर, बेळगाव

प्रिय मैत्रिणी,

तुझा लांबलचक मेल पोचला. मेलबर्नला नातवाला रविवारच्या मराठी शाळेत घातलंस हे छान केलंस. आणि खाली हळूच विचारलंयस, "आपल्याकडच्या शाळेत आता काय शिकवतात गं? की सगळं कन्नडच झालंय?" वाचून हसू आलं. बेळगाव म्हटलं की पेपरात सीमावादाचे मोर्चे, पाट्या आणि काळा दिन. दुसरीच्या वर्गात काय चाललंय ते कोण छापणार? आमची नात इथल्याच सरकारी मराठी शाळेत दुसरीत आहे आणि मी अधूनमधून गोष्टी सांगायला वर्गात जाते, म्हणून हे ऐकीव नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा वर्ग ओळखूच येईना. बाकांच्या रांगा नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी एकत्र, गोल करून बसलेली. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत याला 'नली-कली' म्हणतात. 1995 च्या सुमाराला म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेडेशाळा बघून आलेल्या शिक्षकांनी हे सुरू केलं. 2009 नंतर राज्यभर पसरलं. धड्यांऐवजी कार्डं. भिंतीवर शिडीचं चित्र, तिच्या पायऱ्यापायऱ्यांवर खुणा. आपण कुठल्या पायरीवर आहोत ते पोरं स्वतः बघतात आणि पुढचं कार्ड उचलतात. आजारी पडून आठवडाभर घरी राहिलेलं पोर आलं की जिथं सोडलं तिथूनच सुरू. आपल्या वेळी आठवडा बुडाला की जन्माचा बुडायचा! भिंतीला खाली, पोरांच्या उंचीवर काळे फळे आणि डोक्यावर दोऱ्यांची जाळी, तिला पोरांनी केलेली चित्रं टांगलेली. बाईंचा आवाज मात्र तोच, चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मराठी, गणित आणि परिसर अध्ययन हे सगळं मराठीतच. इंग्रजी पहिलीपासून, ते 2007 लाच आलं. आणि कन्नडही पहिलीपासून, कारण 2015 चा कन्नड भाषा अध्ययन कायदा. कायदा आला तेव्हा आपल्याकडची मोठी माणसं किती तापली होती, आठवतं ना? पोरं काही तापली नाहीत. ती फक्त 'र'च्या कन्नड अक्षरावर शिरोरेषा ओढून मोकळी होतात. बाई पुसतात, ती पुन्हा ओढतात. कन्नड अक्षरं नली-कलीत अ, आ, इ, ई या क्रमानं येतच नाहीत. र, ग, स, द, अ अशी वळणावळणानं येतात, म्हणजे हाताला सोपी ती आधी.

खरी गंमत अंकांत आहे. त्या दिवशी पाढे-उजळणी चालली होती. एक पोरगा एकोणपन्नासला अडला. "एकोण..." म्हणून त्यानं एकोणसाठ ठोकलं, मग एकोणचाळीस. नात शेजारून म्हणते, "आज्जी, मी सांगतो थांब," (हो, इथं पोरी अजून 'सांगतो'च म्हणतात) आणि बोटं उघडून कन्नडमध्ये, "नलवत्तोंबत्तु!" चाळीस आणि नऊ, सरळ. पोरानं कन्नडवरून फळ्यावर 49 लिहिलं आणि मग मराठी नाव शोधलं. मला 2019 आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात मंगला नारळीकरांच्या समितीनं 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' दिलं, तर महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली, विधानसभेपर्यंत विषय गेला. शहापुरातली पोरं मात्र दोन्ही रीती एका तासात वापरतात. नारळीकरबाईंना एकदा इथं आणायला हवं होतं. 2023 ला त्या गेल्या.

परिसर अध्ययनात 'आपल्या भागातले व्यवसाय' आला, तेव्हा नात माग बघायला शेजारी गेली. पुस्तकात नुसतं 'विणकर' लिहिलंय. तिनं वहीत धोटा काढला, कांडी काढली, आणि बाईंनी खाली सही केली. शहापुरी साडी पुस्तकात नसली तरी वडगाव-खासबागेकडं मागाची खडखड सकाळपासून असतेच.

दुपारी अक्षर दासोहचं, म्हणजे सरकारी योजनेचं, जेवण. अंडं मिळतं; अंडं न खाणाऱ्याला केळं, आधी चिक्कीही असायची. सुट्टी मात्र दिवाळीची नाही गं, दसऱ्याची मोठी. पुण्याच्या भाच्यांशी सुट्ट्या जुळवताना दरवर्षी नाकी नऊ येतात.

सगळं गोड आहे असं नाही. सरकारी कागद मराठीत मिळावेत ही मागणी रास्तच आहे, त्या अर्जावर माझीही सही असते. पण मराठी शाळा कन्नडमुळे ओस पडतायत हे मला पटत नाही. 1994 च्या आदेशानं कर्नाटक सरकारच म्हणत होतं, चौथीपर्यंत मातृभाषेत किंवा कन्नडमध्ये शिका. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2014 ला ती सक्ती काढली, माध्यम पालक ठरवतील म्हणून. आणि पालकांनी काय ठरवलं? आपल्याच गल्लीतले, मोर्चात पुढं असणारे, पोरांना रिक्षात कोंबून इंग्रजी शाळेत धाडतात. माझ्या लेकाचंही तेच चाललं होतं. सुनेनं हट्ट धरला म्हणून नात इथं आली. वर्गात पोरं कमी, त्यामुळे बाईंचं प्रत्येकाकडं लक्ष, हा एक फायदा. पण असा फायदा कुणाला हवाय?

पाठ्यपुस्तकं सरकार फुकट देतं. कमी पडतात ती अवांतर पुस्तकं. एका कपाटात वाचून वाचून पानं सुटलेली थोडीशी पुस्तकं आहेत. 'किशोर' मासिकाचे जुने अंक मी पुण्याहून मागवलेत, पण ते चौथी-पाचवीला. डिसेंबरात येशील तेव्हा चॉकलेटं आणू नकोस. पुण्यात उतरशीलच, तिथून मोठ्या टायपातली, भरपूर चित्रांची, दुसरीला स्वतः वाचता येतील अशी मराठी पुस्तकं घेऊन ये, आणि स्वतः शाळेत येऊन बाईंच्या हातात दे.

तुझीच