नळ स्टॉपपासून टेकडीपर्यंत

पुण्याला कधी आलात, आणि तुळशीबाग, सारसबाग, नातेवाइकांकडची जेवणं हे सगळं उरकून एखादी सकाळ हाताशी राहिली, तर मैत्रिणींनो, माझ्याबरोबर एका रस्त्यानं चला. वाटेत देऊळ नाही की साड्यांचं दुकान नाही म्हणून नाक मुरडू नका. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपपाशी हा रस्ता फुटतो आणि टेकडीच्या कडेकडेनं उत्तरेला जातो. नाव लॉ कॉलेज रस्ता. मार्च २०२२ पासून नळ स्टॉपला मेट्रो थांबते, तेव्हा कोथरूडहून येणं अगदी सुखाचं झालं आहे. मी रोज तशीच येते. पाठीवर मुलीची जुनी सॅक, त्यात डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि करार कायदा, १८७२.

हो, मी विद्यार्थिनी आहे! बँकेत २२ वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वयाच्या ४६ व्या वर्षी वकिलीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. तुम्ही म्हणाल, ह्या वयात प्रवेश देतात का? देतात. पदवी हवी, खुल्या गटाला निदान ४५ टक्के गुण हवेत, आणि सीईटी द्यावी लागते. बार कौन्सिलनं वयाची अट घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्थगिती दिली. अभ्यासक्रम ३ वर्षांचा. घरच्यांची परवानगी हा विषय कुठल्याच परिपत्रकात नाही; तो ज्याचा त्यानं सोडवायचा.

सकाळी हा रस्ता फार देखणा दिसतो. दोन्ही बाजूंनी मोठाली झाडं, खाली रात्रीच्या पावसाचं पाणी, आणि टेकडी उतरून येणारे कानटोपीवाले आजोबा. पुणेकर माणूस टेकडी चढतो तो तब्येतीसाठी आणि उतरताना बोलतो ते राजकारण. डाव्या हाताला पहिलं मोठं फाटक लागतं ते फिल्म इन्स्टिट्यूटचं. १९३३ साली कोल्हापूरहून प्रभात कंपनी आली ती ह्याच जागेत, आणि १९६० पासून इथे ही संस्था आहे. तुमच्या आजीला विचारा, ‘कुंकू’ तिनं नक्की पाहिला असेल. १९३७ चा तो चित्रपट. फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा, आणि ‘हे लग्न मी मानत नाही’ म्हणून तिनं घरातल्या घरात मांडलेला उभा दावा. शांता आपट्यांचे ते डोळे! गंमत म्हणजे तो म्हातारा नवरा पेशानं वकीलच. त्या फाटकावरून जाताना मला रोज वाटतं, नीरा ह्याच रस्त्यानं आणखी चार पावलं पुढे चालत गेली असती तर?

चार पावलं पुढे म्हणजे आमचं कॉलेज. १९२३ साली इंडियन लॉ सोसायटी निघाली आणि १९२४ साली तिनं हे कॉलेज काढलं. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे, त्यांनी हिंदू धर्मशास्त्राचे ग्रंथ भाषांतर करून छापले. दगडी इमारत, मागे सबंध टेकडी, आणि कधीकधी तास चालू असताना मोराची केका. प्राध्यापक म्हणतात, ‘हरकत नामंजूर’, आणि शिकवत राहतात.

वर्गात मला पहिला आठवडा सगळी मुलं ‘मॅडम’ म्हणून उठून उभी राहत होती. दुसऱ्या आठवड्यात ‘काकू’ झाले. आता परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स मागायला येतात तेव्हा ‘ताई’ होते. माझ्या नोट्स चांगल्या असतात, त्यात बढाई नाही. बाईला किराणा, दूध आणि धोब्याचा हिशेब लिहायची सवय असते. इंग्रजी मात्र घाम काढतं. एक वाक्य पानभर चालतं नि क्रियापद सापडेपर्यंत भाजी करपते. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघायला गेले, तर दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, फौजदारीचं जुनं घेऊ नका, रद्दीत जाईल.’ खरंच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. सासरच्या छळाचं ते कलम ४९८-अ, जे सगळ्यांना तोंडपाठ होतं, ते आता ८५ आहे. बाईला पाठ झालेला नंबर बदलतो तो असा.

ह्या रस्त्यानं चालताना मला कॉर्नेलिया सोराबजींची आठवण होते. १८६६ साली नाशिकला जन्मलेली ही बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि तरी तिला कोर्टात वकील म्हणून उभं राहता येईना, कारण ती बाई होती! तो अडसर १९२३ च्या कायद्यानं निघाला. म्हणजे आमच्या सोसायटीचं आणि बायकांच्या वकिलीचं साल एकच. मधली वर्षं कॉर्नेलियाबाईंनी बंगालकडच्या पडदानशीन बायकांच्या इस्टेटी सांभाळण्यात घालवली. ह्या बायकांनी पडद्याआडून कागदांवर अंगठे द्यायचे. पुढे कागद कोर्टात आला, की कोर्ट विचारी: हा तिला वाचून दाखवला होता का? समजावून दिला होता का? ते सिद्ध करायची जबाबदारी कागदाचा फायदा घेणाऱ्यावर.

हे वर्गात ऐकलं आणि माझं लिहिणं थांबलं.

२००९ सालची राखीपौर्णिमा. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. भावानं फोन केला, ‘ताई, येतेयस तर जाताजाता रजिस्ट्रार ऑफिसात पाच मिनिटं सही करून जा.’ मी गेले. फोटो काढला, अंगठा दिला, तीन ठिकाणी सह्या केल्या. बँकेत दुसऱ्याच्या कर्जाचा कागद मी चारदा वाचत असे. माझा स्वतःचा एकदाही वाचला नाही. भावानं पैठणी घेतली. मी खूष. हक्कसोडपत्र घराचं आहे, असं मी धरून चालले होते. ह्या वर्षी, शिकायला लागल्यावर, कपाटातली प्रत काढून वाचली. घर होतंच, शिवाय विहिरीची पावणेतीन एकर जमीनही होती.

भाऊ वाईट नाही हो. आईचं शेवटपर्यंत त्यानं आणि वहिनीनं केलं. विचारलं असतं तरी मी जमीन दिलीच असती. पण ‘दिली’ आणि ‘गेली’ ह्यांत फरक आहे की नाही? आणि मी काही पडदानशीन नाही. मी शिकलेली, नोकरी करणारी, सही इंग्रजीत करणारी. माझ्यासारखीनं सही केली म्हणजे वाचूनच केली, असं कायदा धरतो. नोंदवलेला कागद मोडायचा तर फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, तीही समजल्यापासून ३ वर्षांच्या आत. इथे फसवणूक कुणी केली? कुणीच नाही.

थोडं पुढे भांडारकर संस्था लागते, १९१७ सालची. महाभारताची चिकित्सित आवृत्ती इथेच सिद्ध झाली, म. म. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० ते १९६२ ह्या काळात इथूनच निघाले. स्त्रीधनावर कोणत्या स्मृतीत काय म्हटलंय ते त्यात सापडतं. आणि सभापर्वात द्रौपदीनं विचारलेला प्रश्न आठवा: स्वतःला आधी हरलात, की मला? सगळे भीष्म-द्रोण बसलेले, आणि ही बाई विचारतेय ते शुद्ध कायद्याचं: जो स्वतःच हरला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरला होता का?

ह्याच रस्त्यावर गेल्या भाऊबीजेनंतरच्या सकाळी मी वन्संना घेऊन आले. त्या कऱ्हाडला असतात, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. आदल्या रात्री ओवाळणी झाल्यावर आमच्या ह्यांनी टेबलावर कागद ठेवला होता. वाईच्या घराचं हक्कसोडपत्र. मामंजींनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर. अशा घरात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित असतं तरी २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी बरोबरीची झाली, आणि बाप तेव्हा हयात नसला तरी चालतं हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. वन्संनी पेन उघडलंही होतं. मी म्हटलं, ‘वन्सं, उद्या सकाळी करा. आधी फिरून येऊ.’

तुमच्यापासून काय लपवायचं? रात्रभर झोप आली नाही. सही झाली असती तर घर आमचंच होतं. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला त्याचा आधार झाला असता. आणि हे माझ्याकडे पाठ करून झोपले होते.

रस्त्याकडेच्या एका बाकावर बसून मी तो कागद वन्संना मोठ्यानं वाचून दाखवला. ‘लिहून देणार’ म्हणजे तुम्ही, ‘लिहून घेणार’ म्हणजे तुमचे भाऊ. ‘कायमचे व निरंतरचे’. ‘माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही’.

‘अगं, पण मी भावालाच देतेय, परक्याला का?’

‘द्या की. मी नको म्हणत नाही.’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आणि मला कधी तिथे राहायला यावंसं वाटलं तर? माडीवरच्या खोलीत?’

‘तसं ह्यात लिहिलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर लिहिता येईल.’

घरी आल्यावर त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुपारच्या गाडीनं कऱ्हाडला गेल्या. सही नाही, नकारही नाही. हे दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलले. तिसऱ्या दिवशी डबा भरताना म्हणाले, ‘तुझ्या माहेरच्या कागदाचं तू मला कधी सांगितलं नाहीस.’ मी म्हटलं, ‘मलाच कुठे माहीत होतं?’ त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी मला मेट्रोपर्यंत स्कूटरनं सोडलं.

परवा रात्री वन्संचा फोन आला. मी करार कायद्यात बुडालेली, गॅसवर दूध. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, ‘रोज एक पान वाचते बघ दुपारचं. दुसऱ्या पानावर आहे. मला सांग, ते ‘निरंतर’ म्हणतात ना, ते मी गेल्यावर माझ्या मुलींनापण लागू का गं?’