केप स्पिअरचा वारा

अकोल्यातील सरकी-ढेपेच्या एका जुन्या पेढीच्या माडीवर सागवानी कपाट आहे. अशा कपाटात तीन पिढ्यांच्या खतावण्या असाव्यात, असे पाहणाऱ्याला वाटते. पण दार उघडले की आत विमाने दिसतात. एकूण सात. काही हातभर लांब, काही दीड हात. पंखांच्या बारीक फासळ्यांवर ताणून चिकटवलेला पातळ कागद आता पिवळसर झालेला, आणि जवळ गेल्यास एरंडेलाचा मंद वास. पेढीच्या वडीलधाऱ्यांनी ती स्वतः बांधली, उडवली, पाडली आणि पुन्हा बांधली. अमरावतीला दिलेल्या मुलीची मुलगी त्यांना ‘नानाजी’ म्हणे. पाहता पाहता मुनीमजींसह सगळ्या घराचे ते नानाजी झाले.

हा नाद त्यांना नागपूरला लागला. १९६६ च्या सुमारास कॉलेजात असताना ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत दाखल झाले आणि तेथे छोटी विमाने बांधायला शिकवणारे एक शिक्षक त्यांना भेटले. बाल्सा नावाचे दक्षिण अमेरिकेतील लाकूड, पाण्याच्या पाच-सहा पट हलके, धारदार पात्याने भाजीसारखे कापले जाणारे. त्याच्या फासळ्या, त्यावर कागद, नाकाशी मुठीएवढे इंजिन. हे विमान मोकळे सुटत नसे. दोन बारीक पोलादी तारांनी ते उडवणाऱ्याच्या हातातील मुठीला बांधलेले असे. विमान भोवती घिरट्या घाली आणि उडवणारा मध्यभागी स्वतःभोवती फिरत राही. पहिल्या काही दिवसांत विमानाआधी माणूसच जमिनीवर येई, असे नानाजी सांगतात.

शिक्षण संपवून ते पेढीवर बसले, पण नाद सुटला नाही. इंजिनाचे इंधन मिथेनॉल आणि एरंडेल मिसळून होत असे. एरंडेलाने आतले भाग झिजत नाहीत. मात्र न जळलेले तेल धुराबरोबर बाहेर फेकले जाते आणि उडवणाऱ्याच्या सदऱ्यावर बसते. मुलांच्या पोटासाठी आणलेली एरंडेलाची बाटली माडीवर कशी जाते, हे कोडे त्यांच्या आईला बरेच दिवस उलगडले नव्हते. उलगडल्यावर तिने तेलाबद्दल काही म्हटले नाही. तिचा प्रश्न वेगळा होता: एकाच जागी गरगर फिरताना पायाखाली किती जीव जात असतील? त्या दिवसापासून नानाजींनी नियम केला. चातुर्मासात उडवणे बंद. ते चार महिने फक्त बांधायचे. उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटून शेत मोकळे झाले की भल्या सकाळी, जमीन नीट पाहून, मगच तारा पसरायच्या. खरे तर सूर्यास्तापूर्वीचा तासही या खेळाला फार चांगला, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. पण ती वेळ घरात जेवणाची. तेवढ्या एका गोष्टीची हळहळ त्यांना आयुष्यभर वाटली. बोलून मात्र कधी दाखवली नाही.

वडिलांचा प्रश्न अपेक्षितच होता: यात मिळकत काय? त्यावर नानाजींनी एक निराळी वही घातली. बाल्साची फळी, सरस, इंजिनाचा सुटा भाग, मिथेनॉल, सारे तारखेनिशी खर्ची. वहीला जमेची बाजूच नव्हती. तरी तिची बेरीज दर दिवाळीला पेढीच्या वह्यांइतक्याच काटेकोरपणे होत असे, आणि विमानाचा प्रत्येक तुकडा सराफी काट्यावर तोलला जाई. विमानाच्या बाबतीत आपल्या समाजात वालचंद हिराचंदांचे नाव अभिमानाने निघते. सोलापूरच्या या उद्योगपतींनी १९४० साली बंगळुरूस हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारली. पण तो उद्योग होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो समजत असे. माडीवरच्या सात विमानांचे काय करावे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी ‘नाद आहे’ एवढ्यावर भागवले गेले. व्यापारी घरात याहून मोठी सवलत क्वचितच मिळते.

नागपूरच्या त्या शिक्षकांकडून इंग्रजी मासिकांचे जुने अंक येत. त्यांत मेनार्ड हिल या अमेरिकन माणसाचे नाव नानाजींनी प्रथम वाचले. व्यवसायाने धातुशास्त्रज्ञ, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि उरलेल्या वेळात छोट्या विमानांचे विक्रम करणारा. १९७० साली हिल यांनी रेडिओने चालणारे विमान आठ हजार मीटरच्याही वर नेले होते. तारेला बांधलेली विमाने गोल फिरवणाऱ्या अकोल्यातील तरुणाला ती उंची म्हणजे दुसऱ्याच जगातील गोष्ट वाटली. पुढे २००३ च्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: हिल यांच्या छोट्या विमानाने अटलांटिक महासागर ओलांडला. नानाजी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, डोळे शाबूत. त्यांनी कात्रण वहीत चिकटवले आणि शेजारी गणित मांडले. आंतरराष्ट्रीय नियमानुसार इंधनासह वजन पाच किलोच्या आत, इंजिन दहा घनसेंटिमीटरचे. मग तेल किती, लाकूड किती? त्या दिवशी त्यांना त्या बातमीत फक्त आकडे दिसले.

चार-पाच वर्षांपूर्वी नानाजींच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला. पडद्याचा मध्यभाग झिजत गेला. कडेने माणसे दिसतात, दाराची चौकट दिसते. ज्यावर नजर रोखावी तेच नेमके पुसले जाते. तरी ते रोज गादीवर बसत राहिले. एकदा सौद्याच्या चिठ्ठीवरचा ९ त्यांनी १ वाचला आणि त्या भावात ढेपेचा ट्रक निघून गेला. नुकसान झाले. मुलाने ते आपल्या खात्यातून भरून काढले आणि घरात शब्द काढला नाही. नानाजींना कळले होते. मुलाला कळले होते की त्यांना कळले आहे. किल्ल्यांचा जुडगा मात्र नानाजींच्या कमरेलाच राहिला, आणि रोज संध्याकाळी तिजोरी बंद करताना दोघेही एकमेकांकडे पाहायचे टाळू लागले.

अशा दिवसांत अमरावतीची नात पुढच्या शिक्षणासाठी कॅनडाला निघाली, सेंट जॉन्स गावच्या मेमोरियल विद्यापीठात. आईने नकाशा पाहून डोक्याला हात लावला: कॅनडाच्या पूर्व टोकाला, समुद्रात, न्यूफाउंडलंड नावाच्या बेटावर! नानाजी नाव ऐकताच म्हणाले, “तिथून जवळ केप स्पिअर आहे ना, बेटा? हिलनं विमान तिथूनच सोडलं होतं.” नातीला हिल कोण ते माहीत नव्हते. तिथे गेल्यावर तिने ग्रंथालयातून शोधून वाचले आणि रविवारी फोनवर नानाजींना थोडे थोडे सांगू लागली. उन्हाळ्यात भारत आणि त्या बेटाच्या घड्याळांत बरोबर आठ तासांचे अंतर असते. तिथली घड्याळेही आपल्यासारखी अर्ध्या तासाच्या हिशेबाने चालतात. तिची सकाळ ती नानाजींची जेवण आटोपलेली संध्याकाळ.

आधी तिने बेटाची हकिकत सांगितली. सेंट जॉन्स बंदरावरच्या सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला पहिला बिनतारी संदेश ऐकला, तो पतंगाने उचलून धरलेल्या तारेवर. पतंगाचे ऐकून नानाजी खूष झाले. १९१९ च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी याच गावातून उड्डाण केले आणि सुमारे सोळा तासांत आयर्लंडमधल्या क्लिफडनजवळच्या दलदलीत विमान उतरवले; कोठेही न थांबता अटलांटिक ओलांडणारे ते पहिले. या बेटावरून समुद्राकडे पाहणाऱ्याला पलीकडे काही पाठवावेसे वाटतेच, असे दिसते.

मग हिल. नकाशा पाहिला म्हणजे बेटच का, ते समजते: केप स्पिअर हे उत्तर अमेरिकेच्या भूमीचे पूर्व टोक, युरोपला सर्वांत जवळचे. त्यांच्या मनात ही कल्पना अनेक वर्षे होती. विमानांना नाव ‘टॅम’, म्हणजे अटलांटिकपार जाणारे छोटे विमान, आणि पुढे क्रमांक. २००२ च्या ऑगस्टमध्ये ते सोबत्यांसह केप स्पिअरला आले आणि तीन विमाने सोडली. तिन्ही समुद्रात गेली. वर्षभराने ते पुन्हा आले. चौथे सोडले; तेही गेले. एका विमानामागे किती रात्री जातात, हे नानाजींना कोणी सांगण्याची गरज नव्हती. नात पुढे वाचू लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवले. “चार गेली?” “हो, नानाजी.” “आणि पाचवं बरोबर आणलं होतं?” ते होते, हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

पाचवे विमान बाल्सा आणि काचतंतूंचे, पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १.८ मीटर. एकूण वजनातले जवळपास निम्मे इंधनाचे, आणि ते इंधन म्हणजे कंदील-शेगडीसाठी मिळणारे शुद्ध पेट्रोल. आत उपग्रहावरून दिशा धरणारे स्वयंचलित यंत्र. ज्या मित्राच्या शेतावर चाचण्या झाल्या, त्या बट्स यांच्या शेताचे नाव हिल यांनी विमानाला दिले. ९ ऑगस्ट २००३ च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, म्हणजे अकोल्यात १० तारखेच्या पहाटे पावणेचारला, ते आकाशात सोडले गेले. सोडले स्वतः हिल यांनी, हाताने, धावपट्टीशिवाय.

येथे नातीने जे वाक्य वाचले ते २००३ च्या चार ओळींत नव्हते. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यांना ऐकू फार कमी येत असे आणि दृष्टी जवळजवळ गेली होती. आजार तोच, पडद्याच्या मध्यभागाचा.

म्हणजे आपण हातातून सोडलेले विमान त्यांना नीट दिसले नसणार. वर चढणाऱ्या विमानाचा ताबा रेडिओवर दुसऱ्याने घेतला. पुढे यंत्राने. उपग्रहामार्फत अधूनमधून ठावठिकाणा कळे. दोन संदेशांच्या मध्ये खाली फक्त समुद्र. आयर्लंडच्या किनाऱ्यावर डेव्ह ब्राउन हे सहकारी वाट पाहत उभे होते. ते दिसताच त्यांनी ताबा घेतला आणि ११ ऑगस्टच्या दुपारी दोनच्या सुमारास क्लिफडनजवळ, अल्कॉक-ब्राउन उतरले त्याच परिसरात, विमान जमिनीवर आणले. ३८ तास ५२ मिनिटे. सुमारे ३,०३० किलोमीटर, म्हणजे अकोला ते मुंबई अशा पाच खेपा. तेही इंधन न भरता. टाकीत अगदी थोडे तेल उरले होते. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. चातुर्मास चालू होता, दुसऱ्या दिवशी राखी पौर्णिमा. अकोल्यातल्या त्या घरात सूर्यास्ताआधी ताटे उरकण्याची घाई चालली असणार.

नानाजींनी नातीला एवढेच विचारले की, विमान उतरले तेव्हा हिल कोठे होते. ते बेटावरच होते, समुद्राच्या या बाजूला.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या मार्चमधली. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित सेवा सुरू झाली. काही दिवसांनी मुलगी त्यांना हौसेने तिकडे घेऊन गेली. कुंपणाबाहेर गाडीत बसून त्यांनी काच खाली केली आणि आवाज ऐकताच सांगितले: पंख्याचे आहे, दोन इंजिनांचे. ते बरोबर होते. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, संध्याकाळी तिजोरी बंद करायची वेळ झाली तेव्हा नानाजींनी कमरेचा जुडगा सोडून मुलाच्या पुढे केला. “रोज सोबत बसेन,” ते म्हणाले, “चिठ्ठी मात्र तू वाच.” मुलाने दोन्ही हातांनी तो घेतला आणि त्यांच्या पायांना हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी नेहमीच्या वेळी गादीवर होते. सरकीची मूठ हातात घेऊन ओल किती ते अजून त्यांनाच सर्वांत आधी कळते.

ऑगस्टमधील एका रविवारी नात मैत्रिणींबरोबर केप स्पिअरला गेली. १८३६ सालचे दीपगृह, खाली खडकांवर आपटणाऱ्या लाटा. तिने तेथूनच फोन लावला आणि नानाजींना दाखवण्यासाठी तो समुद्राकडे धरला. मग आठवले, आणि ती ओशाळली. नानाजी मात्र फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होते. आवाज होता फक्त वाऱ्याचा.

“समुद्राकडे तोंड करून उभी आहेस ना?” त्यांनी विचारले. “मग वारा कुठून लागतोय?”

“पाठीवर, नानाजी.”

“मग आज सोडता आलं असतं,” ते म्हणाले.