मावशी आणि क्युसेक

ऑगस्ट २०१९. साताऱ्यात बसून मी कोयनेच्या विसर्गाचे आकडे टाकत होतो. सांगलीहून मावशीचा फोन. "क्युसेकचं राहू दे रे, पाणी आपल्या गल्लीत येतंय का तेवढं सांग." मला सांगता येईना! पंधरा वर्षं क्युसेक छापतोय; १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, एवढंही कधी लिहिलं नव्हतं. (डिप्लोमात मथळे शिकवले, हे नाही.) धरणातून किती सुटलं हे एक, नदी किती चढली हे दुसरं. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा, ४५ धोका. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. कितव्या फुटाला गल्ली बुडते, हे मावशीला पुरानं शिकवलं. आता बातमी लिहिण्याआधी तिलाच विचारतो. सांगलीकरांनो, तुमच्या दारात कितव्या फुटाला पाणी येतं? कळवा, तसंच छापतो.